चीनने टाकलेले, जपानने जपलेले उच्चार

२६ मे २०२५ रोजी जपानमध्ये कुटुंबनोंदणीच्या कायद्यातला एक बदल लागू झाला. तोपर्यंत या नोंदणीत नागरिकांची नावे केवळ लिहिलेली असत. आता त्या नावांचे उच्चारही सरकारदप्तरी नोंदवले जाणार होते. त्यासाठी नगरपालिकांनी टपालाने पत्रे पाठवून कळवले, की तुमच्या नावाचा उच्चार आम्ही असा नोंदवणार आहोत, तो चुकीचा असेल तर वर्षभरात सांगा. मराठी वाचकाला ही बातमी बुचकळ्यात टाकणारी आहे. आपल्याकडे नाव लिहिले की उच्चार लिहिला गेलाच. 'शंकर' असे लिहून ते 'महादेव' असे वाचण्याची सोय देवनागरीत नाही. जपानमध्ये मात्र ती आहे, आणि तिच्या मुळाशी दीड हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली एक भाषिक उसनवारी आहे.

'जाणे' या अर्थाचे एक साधे चिनी चिन्ह घेऊ. बँकेला जपानीत 'गिन्कोऽ' म्हणतात. त्यातला 'कोऽ' म्हणजे हे चिन्ह. धार्मिक साधनेला 'शुग्योऽ' म्हणतात; त्यातला 'ग्योऽ' हेही तेच. लाकडी चौकटीला कागद लावून केलेल्या जुन्या पद्धतीच्या दिव्याला 'आन्दोन' म्हणतात. त्यातला 'आन' पुन्हा तेच. (स्वर लांबवायचा असेल तिथे या लेखात ऽ हे चिन्ह वापरले आहे.) एका चिन्हाचे हे तीन उच्चार चीनमधूनच आलेले आहेत, तिन्ही बरोबर आहेत, आणि त्यांपैकी कोणता कुठे वापरायचा हे शब्दागणिक ठरलेले आहे. वरवर पाहता हा निव्वळ घोळ वाटतो. परंतु थोडे खोदले की त्यात विलक्षण शिस्त सापडते, आणि ती शिस्त समजून घ्यायला देवनागरी वर्णमाला पाठ असलेल्या माणसाइतका लायक वाचक दुसरा नाही, असे मला वाटते.

'१ला' आपण 'एकला' का वाचत नाही?

चिनी आणि जपानी या एका कुळातल्या भाषा नाहीत. अभिजात चिनीत शब्द बहुधा एकाच अक्षराचा असे, त्याला विभक्तीचे किंवा काळाचे प्रत्यय लागत नसत, आणि एका शब्दाला एक चिन्ह असा हिशेब होता. जपानी भाषेची ठेवण याच्या उलट आणि पुष्कळशी आपल्यासारखी आहे: क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामाला मागून प्रत्यय जोडले जातात. या भाषेला स्वतःची लिपी नव्हती. चिनी चिन्हे कोरियाच्या वाटेने जपानमध्ये पोहोचली आणि पाचव्या शतकात तिथे त्यांचा लेखनासाठी उपयोग होऊ लागला. सैतामा प्रांतातल्या इनारियामा येथील थडग्यात सापडलेल्या तलवारीवर ११५ चिन्हांचा कोरीव लेख आहे. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इ. स. ४७१ मानतात. लेखाची भाषा चिनी आहे, पण त्यातली जपानी माणसांची नावे केवळ ध्वनीसाठी निवडलेल्या चिन्हांनी लिहिली आहेत.

ही चिन्हे वापरण्याचे दोन मार्ग जपान्यांपुढे होते. एक म्हणजे चिन्हाचा अर्थ घ्यायचा आणि तोंडाने आपला शब्द म्हणायचा. याला 'कुन' वाचन म्हणतात. दुसरा म्हणजे चिन्हाबरोबर त्याचा चिनी ध्वनीही उचलायचा; याला 'ओन' वाचन म्हणतात. पर्वताचे चिन्ह कुन पद्धतीने 'यामा' असे वाचले जाते आणि ओन पद्धतीने 'सान'. (फुजी पर्वताला जपानी लोक 'फुजीसान' म्हणतात तेव्हा ते त्याला 'फुजीसाहेब' म्हणत आहेत, अशी एक गोड समजूत पर्यटकांत असते. ते 'सान' निराळे.)

हे आपल्याला वाटते तितके परके नाही. आपण '१ला' असे लिहितो आणि 'पहिला' असे वाचतो. '२रा' लिहितो आणि 'दुसरा' वाचतो. '२' या आकड्याचा उच्चार 'दोन' आहे हे माहीत असूनही 'दोनरा' असे वाचणारा मराठी माणूस भेटणार नाही. चिन्ह अर्थ सांगते, पुढचा 'रा' कोणता शब्द अपेक्षित आहे ते सुचवतो, आणि वाचणारा उरलेले स्वतः भरतो. जपानी वाचक प्रत्येक ओळीत हेच करत असतो. सरकारने नित्य वापरासाठी २०१० साली निश्चित केलेल्या यादीत अशी २,१३६ चिन्हे आहेत.

या लेखाचा विषय दुसरा मार्ग, म्हणजे ओन वाचन, हा आहे. परका ध्वनी आपल्या तोंडात बसवताना जपान्यांनी नेमके काय केले?

हलन्त नसलेल्या भाषेत हलन्त शब्द

प्राचीन जपानीत अक्षराची घडण अतिशय साधी होती: एक व्यंजन आणि त्यापुढे एक स्वर. का, सा, मो, ने, असे. जोडाक्षर नाही, शब्दाच्या शेवटी हलन्त व्यंजन नाही, दीर्घ स्वर नाही. अस्सल देशी शब्द 'र'ने सुरू होत नसे आणि ग, द, ब यांसारख्या घोष व्यंजनानेही सहसा सुरू होत नसे. उलट त्या काळच्या चिनीत अक्षर प्, त्, क्, म्, न् किंवा ङ् या सहा व्यंजनांपैकी एकाने संपू शकत असे. साच्यात न बसणारा शब्द आला की भाषा काय करते, हे आपण रोज ऐकतो. 'फिल्म'चे 'फिलिम' होते, 'ग्लास'चा 'गिलास' होतो. अडलेल्या व्यंजनाखाली एक स्वर सरकवला की गाडी पुढे जाते. जपान्यांनीही हेच केले. फरक एवढाच, की आपल्याकडे सुशिक्षित माणूस 'फिल्म' म्हणू लागला आणि 'फिलिम' हसण्यावारी गेले. तिथे 'फिलिम' हेच दरबाराचे, मठाचे आणि विद्यापीठाचे प्रमाण रूप ठरले.

अंक घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. हाँगकाँग आणि ग्वांगचौ भागातली कँटोनीज ही चिनी बोली शब्दान्तीची जुनी व्यंजने अजून सांभाळून आहे. तिच्यात एकला 'यत्', सहाला 'लुक्', आठला 'पात्' आणि दहाला 'सप्' म्हणतात. बीजिंगच्या बोलीवर आधारलेल्या आजच्या प्रमाण चिनीत हेच अंक 'यी', 'ल्यौ', 'पा' आणि 'श' असे आहेत. शेवटची व्यंजने साफ गळून गेली आहेत. जपानीत एक म्हणजे 'इचि', सहा म्हणजे 'रोकु', आठ म्हणजे 'हाचि' आणि दहा म्हणजे 'ज्यू'. नियम समोरच दिसतो. हलन्त क् असेल तिथे 'कु' किंवा 'कि' झाले. 'ल' नसल्यामुळे त्याचा 'र' झाला, म्हणून 'लुक्'चे 'रोकु'. हलन्त त् असेल तिथे 'ति' किंवा 'तु' झाले, आणि जपानीत पुढे सर्वच 'ति'चे 'चि' आणि 'तु'चे 'त्सु' झाल्यामुळे आज 'इचि', 'हाचि' ऐकू येते. बीजिंगमध्ये 'पा' म्हणणाऱ्या माणसाच्या पूर्वजाने शेवटी त् उच्चारला होता, याची साक्ष टोकियोतले शाळकरी पोर आठपर्यंत मोजताना देत असते.

दहाच्या 'ज्यू'मध्ये प् कुठे गेला, हा प्रश्न राहतोच, आणि त्याची कथा लांबची आहे. आरंभी तिथेही स्वर जोडून 'पु' झाले होते. कालांतराने दोन स्वरांमधला जपानी 'प' मऊ होत 'फ' झाला, मग 'व'सारखा झाला, आणि अखेर विरघळून गेला. त्यामुळे 'जिपु'चे 'जिफु', 'जिउ' आणि शेवटी 'ज्यू' झाले. फुलपाखराचे चिनी नाव याच वाटेने 'तेपु', 'तेफु', 'तेउ' असे घसरत 'च्योऽ'पर्यंत आले, आणि १९४६ च्या लेखनसुधारणेपर्यंत जपानी माणूस ते ध्वनिलिपीत, म्हणजे केवळ उच्चार दाखवणाऱ्या जपानी अक्षरांत, 'तेफु' असे लिहून 'च्योऽ' असे वाचत होता. मात्र जिथे हा प् पुढच्या व्यंजनाला लगेच चिकटला, तिथे तो विरघळायच्या आधीच गोठला. आंबवलेल्या सोयाबीनच्या चिकट 'नात्तोऽ'मधला पहिला घटक एरवी 'नोऽ' असा वाचला जातो. मूळ रूप 'नाप्' होते, आणि त्या प्चा पुढच्या 'तोऽ'शी संयोग होऊन द्वित्त झाले. दहा मिनिटांना प्रमाण जपानीत 'जिप्पुन' म्हणतात. त्यातही तो जुना प् शिल्लक आहे.

यातल्या काही घडामोडींना आपण निःसंकोच संधी म्हणावे. 'तेन' म्हणजे आकाश, 'ओऽ' म्हणजे सम्राट. जोडून 'तेन्नोऽ', म्हणजे जपानचा बादशहा. याहून नामी उदाहरण जुन्या दरबारी ज्योतिषांचे आहे. छायेचे चिन्ह 'ओन' आणि उजेडाचे चिन्ह 'योऽ' असे वाचले जाते, पण दोन्ही मिळून 'ओन्म्योऽ' होते. हा 'म' आला कुठून? छायेच्या चिनी शब्दाच्या शेवटी म् होता. नंतर जपानीत शब्दान्तीचे म् आणि न् एकच झाले, परंतु या जुन्या जोडशब्दात म् तसाच अडकून राहिला. भिंत पाडताना आत जुन्या घराची चौकट सापडावी, तसे हे आहे.

उरला ङ्. हा नाकातला ध्वनी जपान्यांनी 'उ' किंवा 'इ' या स्वरात बदलला आणि मग मागच्या स्वराशी मिळून तो दीर्घ झाला. पूर्व दिशेचा 'तुङ्' झाला 'तोउ', मग 'तोऽ'. राजधानीचा 'क्याङ्' झाला 'क्याउ', मग 'क्योऽ'. पूर्वेची राजधानी ती 'तोऽक्योऽ'. आपण तिला टोकियो म्हणतो.

या पाहुण्यांनी यजमानांचे घरही बदलून टाकले. दीर्घ स्वर, द्वित्त व्यंजने, स्वतंत्र मात्रेचा न्, 'क्य' आणि 'ग्य' यांसारखी जोडाक्षरे, 'र'ने सुरू होणारे शब्द, हे सारे जपानीत रुजण्यात चिनी शब्दांचा मोठा हात आहे. आजही जपानी कोशातला 'र'चा भाग उघडला तर त्यात देशी शब्द जवळजवळ सापडत नाहीत.

'ह'च्या जागी काय बसले होते?

चिनी 'हान्'चे जपानीत 'कान' होते. 'हान् लोकांची चिन्हे' या अर्थाचा चिनी शब्द म्हणूनच जपानीत 'कान्जी' झाला. समुद्राच्या 'हाय्'चे 'काय' होते. यावरून वाटेल, की जपान्यांना 'ह' म्हणता येत नसावा. पण मग 'हाचि'मधला 'ह' आला कसा? तिथे तर चिनी ध्वनी 'प' होता. म्हणजे 'ह'चा 'क' आणि 'प'चा 'ह', अशी ही अदलाबदल झाली तरी कशी?

उत्तर असे, की चिनी शब्द आले तेव्हा जपानीत 'ह' नव्हताच. त्याला सर्वात जवळचा कंठाकडचा ध्वनी 'क' होता, म्हणून 'ह'ची वर्णी तिथे लागली. 'प' मात्र जपानीत होता, आणि चिनी 'प' तसाच्या तसा 'प' म्हणून घेतला गेला. पुढच्या काही शतकांत शब्दारंभीचा जपानी 'प' आधी ओठांतून फुंकलेला 'फ' झाला आणि मग 'ह' झाला. बदल जपानीच्या पोटात, उसनवारीनंतर झाला.

याचा पुरावा आपल्या वर्णमालेत आहे. जपानी बाराखडीचा क्रम असा: अ, इ, उ, ए, ओ, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. तो आपल्या क, च, त, न, प, म, य, र, व या क्रमाशी ताडून पाहा. हा योगायोग नाही. बौद्ध मंत्र शुद्ध म्हणता यावेत म्हणून जपानी भिक्षू 'सिद्धम्' या भारतीय लिपीचा आणि तिच्या वर्णक्रमाचा अभ्यास करत. ८०४ साली चीनला गेलेला कूकाई हा भिक्षू छाङ्आन या राजधानीत भारतीय गुरूकडे संस्कृत शिकला होता. याच अभ्यासातून अकराव्या शतकाच्या सुमारास जपानी वर्णांची ही मांडणी तयार झाली. आता त्या क्रमात 'हा' कुठे आहे ते बघा: 'ना'च्या नंतर आणि 'मा'च्या आधी, म्हणजे नेमका आपल्या 'प'च्या जागी. 'सा' हा 'च'च्या जागी का, याचे उत्तरही पुष्कळ अभ्यासक तसेच देतात: जुन्या जपानी 'सा'चा उच्चार आपल्या 'चमचा'तल्या दंत्य 'च'च्या जवळचा असावा.

मधल्या 'फ'च्या टप्प्याची साक्ष पोर्तुगीजांनी लिहून ठेवली आहे. नागासाकीत जेझुइट धर्मप्रचारकांनी १६०३ साली छापलेल्या जपानी-पोर्तुगीज शब्दकोशात देशाचे नाव 'निफोन' आणि 'निप्पोन' असे रोमन लिपीत दिले आहे. आजच्या 'निहोन'मधल्या 'ह'चा तिथे पत्ता नाही. जेझुइटांचे छापखान्याचे यंत्र १५९० साली युरोपातून जपानला पोहोचले ते गोव्यात मुक्काम करून.

इस्पितळ आणि हॉस्पिटल

मूळ प्रश्न अजून उभा आहे: एकाच चिन्हाचे तीन चिनी उच्चार कशासाठी?

मराठीत 'इस्पितळ' आहे आणि 'हॉस्पिटल'ही आहे. पहिला शब्द पोर्तुगीजांकडून आला, दुसरा इंग्रजांकडून. शब्द मुळात एकच, पण बंदर वेगळे, शतक वेगळे, म्हणून आपल्या तोंडात दोन रूपे. 'कप्तान' आणि 'कॅप्टन' यांचेही तसेच. जपानने असे हजारो शब्द दोनदा, काही तीनदा आयात केले.

पहिली लाट पाचव्या-सहाव्या शतकातली. तेव्हा चीनच्या दक्षिण भागात, आजच्या नानजिंगच्या परिसरात प्रचलित असलेला उच्चार कोरियातल्या बेक्जे राज्यामार्फत, मुख्यतः बौद्ध धर्माबरोबर जपानला पोहोचला. त्याला 'गो-ओन' म्हणतात. दुसरी लाट सातव्या ते नवव्या शतकातली. ६३० पासून ८३८ पर्यंत जपानी दरबाराने तांग साम्राज्याकडे वेळोवेळी शिष्टमंडळे पाठवली, आणि ती उत्तरेच्या छाङ्आन राजधानीतला ताजा उच्चार घेऊन परतली. हा 'कान-ओन'. तिसरी लाट तेराव्या शतकापासून पुढे, झेन भिक्षू आणि व्यापारी यांच्याबरोबर फुटकळ स्वरूपात आली. तिला 'तोऽ-ओन' म्हणतात. तिच्यातले शब्द बहुधा वस्तूंचे आहेत: बसायची खुर्ची 'इसु', झोपायची गादी 'फुतोन', कागदी कंदील 'च्योऽचिन', आणि आपला 'आन्दोन'. १६५४ साली आलेल्या इन्गेन नावाच्या चिनी भिक्षूच्या नावावरून तर जपानात फरसबीला 'इन्गेन-मामे' म्हणतात.

पहिल्या दोन लाटांमधला फरक पाहण्यासारखा आहे. सर्दीने नाक बंद झालेला माणूस 'मामा' म्हणायला जातो आणि 'बाबा' ऐकू येते. तांगकाळात छाङ्आनच्या बोलीला जणू अशी सर्दी झाली होती. तिथे शब्दारंभीचा 'म' हा 'म्ब'कडे, 'न' हा 'न्द'कडे आणि 'ञ' हा 'ञ्ज'कडे झुकू लागला होता. जपानी कानांनी ते ब, द, ज असे टिपले. म्हणून दक्षिणेच्या जुन्या उच्चारात पुरुष 'नान' तर उत्तरेच्या नव्या उच्चारात 'दान'. स्त्री आधी 'न्यो', मग 'ज्यो'. माणूस आधी 'निन', मग 'जिन'. दोन्ही रूपे टिकली. तीन माणसे मोजताना 'सान्निन' म्हणतात, पण भारतीय माणूस 'इन्दोजिन' होतो. दहा हजार या संख्येला 'मान' म्हणतात; पण 'दहा हजार वर्षे आयुष्य लाभो' या जयघोषात तेच चिन्ह 'बान' होते, आणि 'बान्झाई' हा शब्द जपानी न जाणणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

छाङ्आनमध्ये आणखी एक बदल सुरू होता: ग, द, ब यांचा घोष नाहीसा होऊन ते क, त, प यांच्या जवळ सरकत होते. त्यामुळे 'मोठा' या अर्थाचे चिन्ह पहिल्या लाटेत 'दाय' आणि दुसरीत 'ताय' झाले. विद्यापीठ ते 'दायगाकु', राजदूत तो 'तायशी'. आपल्या पहिल्या उदाहरणातले 'ग्योऽ' आणि 'कोऽ' यांच्यातला फरकही याच जातीचा आहे.

एकच उच्चार ठेवून बाकीचे सोडून द्यायचे नव्हते का?

तसा प्रयत्न झाला. आठव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सम्राट कान्मूने विद्यार्थ्यांना आणि भिक्षूंना राजधानीचा नवा उच्चार, म्हणजे कान-ओन, शिकण्याचे फर्मान काढले. दुसऱ्या लाटेच्या मंडळींना पहिली लाट गावठी वाटत होती, यात नवल नाही. परदेशातून नुकत्याच परतलेल्या माणसाला घरच्यांचे उच्चार खटकतात, ही तक्रार फार जुनी आहे. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांच्या पठणात कान-ओनने बाजी मारली. परंतु बौद्ध पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जुन्या उच्चारात पाठ झाल्या होत्या, आणि पाठ केलेला मंत्र फर्मानाने बदलत नाही. बाजारातल्या मोजणीचेही तेच. 'इचि, नि, सान' हे अंक गो-ओनचेच राहिले. स्थूलमानाने धर्म आणि नित्याचा व्यवहार जुन्याकडे, शास्त्र आणि राज्यकारभार नव्याकडे, अशी वाटणी झाली, आणि तीही पुढे सरमिसळ होऊन गेली. मे २०१९ मध्ये सुरू झालेल्या नव्या राजवटीच्या 'रेइवा' या नावात 'रेइ' हा कान-ओन आहे आणि 'वा' हा गो-ओन. कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

काही उच्चार तर निव्वळ चुकीतून आले आहेत. निर्यातीला 'युशुत्सु' म्हणतात. त्यातल्या पहिल्या चिन्हाचा रीतसर उच्चार 'शु' व्हायला हवा होता. पण चिन्हाचा उजवा भाग 'यु' असे वाचल्या जाणाऱ्या दुसऱ्या चिन्हासारखा दिसतो, म्हणून लोक 'यु' म्हणू लागले आणि तेच रूढ झाले.

मग जपानी लोक चिनी चुकीचे बोलतात, असेच ना?

चीनमध्ये गेलेल्या जपानी माणसाचे 'कोकु' कुणाला कळणार नाही, कारण बीजिंगमध्ये देशाला 'क्वो' म्हणतात. पण ही तुलनाच फसवी आहे. जपानीने शब्द घेतले ते आजच्या बीजिंगकडून नव्हे. ते ज्या बोलीतून आले, तिच्यात शेवटी क् होता आणि 'कोकु'त तो आहे. मूळ ध्वनी आणि त्यापासून झालेला जपानी ध्वनी यांचे नाते इतके नियमबद्ध आहे, की जुन्या चिनी उच्चारांचा शोध घेणारे अभ्यासक जपानी, कोरियन आणि व्हिएतनामी उच्चार पुरावा म्हणून वापरतात. चिनी चिन्हातून ध्वनी थेट कळत नाही, इ. स. ६०१ मध्ये तयार झालेला 'छिएयुन' हा यमककोश कोणते शब्द एकमेकांशी जुळतात ते सांगतो, पण ते प्रत्यक्ष कसे ऐकू येत होते ते सांगत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्नहार्ड कार्लग्रेन या स्वीडिश विद्वानाने या कोशाच्या चौकटीत चिनी बोलींबरोबरच शेजारी देशांतले उच्चार बसवून ते जुने ध्वनी पुन्हा उभे करण्याचा मोठा प्रयत्न केला. पुढे त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या, पण पद्धत टिकली.

हरवले काय, तर सूर. चिनीत एकच अक्षर चढत्या, उतरत्या किंवा सपाट सुरात म्हटले की अर्थ बदलतो. जपानीने ते सूर घेतले नाहीत. त्यातच स्वरही एकमेकांत मिसळले. 'काउ', 'कोउ', 'क्वाउ' आणि 'कापु' असे चार निरनिराळे उच्चार कालौघात 'कोऽ' या एकाच ध्वनीत येऊन पडले. परिणामी जपानीत सारखे ऐकू येणारे शब्द मुबलक झाले. 'कागाकु' म्हणजे विज्ञान आणि 'कागाकु' म्हणजे रसायनशास्त्रही. म्हणून बोलताना रसायनशास्त्राला मुद्दाम 'बाकेगाकु' म्हणतात, म्हणजे त्याच चिन्हाचे कुन वाचन करतात. 'शिरित्सु' शाळा म्हणजे नगरपालिकेची की खासगी, हे ऐकून कळत नाही. म्हणून पहिलीला 'इचिरित्सु' आणि दुसरीला 'वाताकुशिरित्सु' म्हणण्याची पळवाट काढली गेली. ही चिन्हे टाकून केवळ ध्वनिलिपीत का लिहीत नाहीत, असा प्रश्न जपानबाहेरचे लोक नेहमी विचारतात. बोलताना प्रसंगावरून बरेच निभावते. कागदावर मात्र चिन्ह पाहताच जो खुलासा होतो, तो ध्वनिलिपीला करता येत नाही.

संस्कृत शब्दांचा दुहेरी प्रवास

बौद्ध धर्माबरोबर काही संस्कृत शब्द आधी चिनी झाले आणि मग जपानी. 'ध्यान'चे चिनीतून 'झेन' झाले. 'बोधिसत्त्व' चिनीत आखडून 'बो-सात्' झाला आणि हलन्त त्चा ठरलेला 'त्सु' होऊन जपानीत 'बोसात्सु'. 'क्षण' याच रीतीने 'सेत्सुना' झाला. 'दान'वरून देणाऱ्या यजमानाला 'दान्ना' म्हणू लागले, आणि हळूहळू तो शब्द मालकाला आणि मग नवऱ्याला लागू झाला. अजिंठा आणि कान्हेरीच्या लेण्यांत दिसणाऱ्या अवलोकितेश्वराचे नाव चिनीत भाषांतरित झाले आणि जपानीत त्याचे 'क्वान्नोन', पुढे 'कान्नोन' झाले. १९३४ मध्ये टोकियोत तयार झालेल्या एका कॅमेऱ्याला त्यावरून 'क्वानोन' असे नाव दिले गेले; 'कॅनन' ही आजची छाप त्यातून आली.

माझे आवडते उदाहरण मात्र 'होम' हे आहे. जपानच्या शिंगोन पंथाच्या मंदिरांत अग्नी पेटवून आहुती देतात, त्या विधीला 'गोमा' म्हणतात. चिनी 'ह'चा जपानीत 'क' होतो असे आपण वर पाहिले. मग इथे 'ग' कसा? याचे कारण असे, की संस्कृतातला आणि आपलाही 'ह' घोष आहे; तो म्हणताना कंठ थरथरतो. तेव्हाच्या चिनीत अघोष आणि घोष असे दोन 'ह' होते. 'होम' लिहिण्यासाठी ज्या चिन्हाची निवड झाली त्याचा 'ह' घोष होता, आणि जपान्यांनी अघोषाला 'क' तसा घोषाला 'ग' दिला. दोन भाषा ओलांडूनही कंठाची ती थरथर सुटली नाही.

तिळाच्या चिनी नावाच्या आरंभीही असाच घोष 'ह' होता, त्यामुळे जपानीत तिळालाही 'गोमा'च म्हणतात. दोन्ही शब्दांची चिनी चिन्हे निराळी आहेत. जपानी ध्वनिलिपीत मात्र ते अगदी सारखेच लिहिले जातात. होमात तीळ टाकणाऱ्या माणसाला याचे फारसे आश्चर्य वाटू नये.